डिपॉझिट एजंटकडे, दावा मालकावर : रेडिंगमधल्या एका फ्लॅटचे प्रकरण

इंग्लंडमध्ये आठ-दहा वर्षे नोकरी करून पुण्याला परतलेली बरीच मराठी कुटुंबे तिथे घेतलेले घर लगेच विकत नाहीत. घर भाड्याने जाते, चाव्या लेटिंग एजंटकडे राहतात आणि कमिशन कापून उरलेले भाडे दरमहा तिथल्या खात्यात जमा होते. बॉयलर बंद पडला तर प्लंबर एजंट पाठवतो, भाडेकरू एजंट शोधतो, करारावर मालकाच्या वतीने सहीही पुष्कळदा तोच करतो. मग डिपॉझिटही एजंटनेच बघायचे, असे मालक धरून चालतो. इंग्लंडचा कायदा तसे मानत नाही. काम एजंटवर सोपवता येते, जबाबदारी मालकाचीच राहते, आणि एजंट चुकला तर भाडेकरू थेट मालकावर दावा लावू शकतो.

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे, आणि त्यातल्या रकमा व तारखा हिशेब नीट कळावा म्हणून घेतल्या आहेत. कायदे, मुदती, दंडाच्या मर्यादा आणि न्यायालयांचे निकाल मात्र खरे आहेत.

घर, करार आणि १,५०० पाउंड

नवरा-बायको दोघेही आयटीतले. २०१९ मध्ये ते पुण्याला परतले आणि रेडिंगमधला दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांनी तिथल्या एका छोट्या एजन्सीकडे पूर्ण देखरेखीसाठी दिला. पहिला भाडेकरू दोन वर्षे राहून गेला. त्यानंतर एक तरुण जोडपे १ सप्टेंबर २०२१ पासून बारा महिन्यांच्या करारावर राहायला आले. भाडे महिन्याला १,३०० पाउंड.

डिपॉझिट किती घ्यायचे हे तिथे मालकाच्या मर्जीवर नसते. टेनंट फीज ॲक्ट १ जून २०१९ पासून लागू झाला. वर्षाचे भाडे ५०,००० पाउंडांपेक्षा कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. इथे वर्षाचे भाडे १५,६०० पाउंड, त्याला ५२ ने भागले की आठवड्याला ३००, म्हणून पाच आठवड्यांचे १,५००. एजंटने २५ ऑगस्ट २०२१ रोजी बरोबर तेवढेच घेतले आणि आपल्या खात्यात ठेवले. इथवर सगळे नियमाप्रमाणे होते.

त्याच दिवशी तीस दिवसांची मुदत सुरू झाली. हाउसिंग ॲक्ट २००४ च्या कलम २१३ प्रमाणे डिपॉझिट हातात आल्याच्या दिवसापासून तीस दिवसांत दोन गोष्टी कराव्या लागतात, आणि तो पहिला दिवसही मोजला जातो. म्हणजे इथे शेवटची तारीख २३ सप्टेंबर. पहिली गोष्ट, डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित करणे. अशा योजना तीन आहेत : डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. दुसरी गोष्ट, कायद्याने ठरवून दिलेली माहिती भाडेकरूला लेखी देणे : रक्कम किती, कोणत्या योजनेत आहे, कोणत्या कारणासाठी कापता येते, वाद झाला तर काय करायचे, मालकाशी वा एजंटशी संपर्क कसा साधायचा. ही माहिती बरोबर असल्याचे मालकाने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी सही करून सांगायचे असते. डिपॉझिट नोंदवले पण माहिती दिली नाही, तरी कायदा मोडलाच.

डिपॉझिट सुरक्षित ठेवण्याचे मार्गही दोन आहेत आणि पुढचा सगळा गोंधळ समजायला त्यांतला फरक कळायला हवा. एका मार्गात रक्कम योजनेच्याच खात्यात जाते आणि भाडेकरू घर सोडेपर्यंत तिथेच राहते. त्याला शुल्क लागत नाही. दुसऱ्या मार्गात रक्कम एजंटकडे किंवा मालकाकडेच राहते, आणि शुल्क भरून योजनेकडून तिचा विमा घेतला जातो. एजंटांना हा दुसरा मार्ग आवडतो, कारण पैसा त्यांच्या हाताशी राहतो.

या एजन्सीने दोन्हींपैकी काहीच केले नाही. तिच्या मालकांशी झालेल्या करारात ‘डिपॉझिट आम्ही नियमानुसार नोंदवू’ असे वाक्य होते. दरमहा येणाऱ्या हिशेबात ‘डिपॉझिट जमा : १,५०० पाउंड’ अशी ओळ असे. मालक ती ओळ वाचत आणि निश्चिंत राहत. रक्कम जमा होती हे खरेच होते. नोंद मात्र कुठेच नव्हती.

घर रिकामे करण्याची नोटीस

३१ ऑगस्ट २०२२ ला बारा महिने संपले. नवा करार कोणी केला नाही, भाडेकरू राहत राहिले, भाडे देत राहिले. आपल्याकडे याला कोणी नवे काही मानणार नाही. इंग्लंडच्या कायद्यात मात्र ठरलेली मुदत संपून महिन्या-महिन्याने चालणारे भाडे ही नवी टेनन्सी, म्हणजे नवा भाडेकरार, ठरत असे. सुपरस्ट्राइक विरुद्ध रॉड्रिग्ज या २०१३ च्या खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने हेच सांगितले आणि डिपॉझिटची नोंद या नव्या टेनन्सीसाठीही लागते असे ठरले. त्याने मालकवर्गात खळबळ उडाली. २०१५ मध्ये संसदेने दिलासा दिला : पहिल्या वेळी सगळे नीट केले असेल तर दुसऱ्यांदा पुन्हा करायला नको. पण पहिल्या वेळीच ज्यांनी केले नाही त्यांना हा दिलासा नाही. म्हणून सप्टेंबर २०२२ पासून या फ्लॅटवर दुसरा कायदाभंग चढला, आणि पुण्यात बसलेल्या मालकांना पहिल्याचाही पत्ता नव्हता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मालकांनी घर विकायचे ठरवले. एजंटने भाडेकरूंना हाउसिंग ॲक्ट १९८८ च्या कलम २१ ची, म्हणजे कारण न देता घर रिकामे करायला सांगणारी, दोन महिन्यांची नोटीस दिली. भाडेकरू सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे गेले, तर तिथे त्यांना पहिल्यांदा हेच विचारले गेले की डिपॉझिट कोणत्या योजनेत आहे. तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर भाडेकरूला हे शोधता येते. तिन्हीकडे नोंद निघाली नाही. २००४ च्या कायद्याच्या कलम २१५ प्रमाणे अशा वेळी कलम २१ ची नोटीस देताच येत नसे. भाडेकरू घरातच राहिले, भाडे नियमित देत राहिले, आणि हे त्यांनी पूर्ण हक्काने केले.

त्यानंतर त्यांच्या सॉलिसिटरचे, म्हणजे वकिलाचे, दाव्याआधीचे पत्र निघाले. ते गेले एजन्सीच्या पत्त्यावर. कारण लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८७ च्या कलम ४८ प्रमाणे मालकाने भाडेकरूला इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता द्यावाच लागतो, जिथे नोटिसा पाठवता येतील. पुण्यातल्या बावधनचा पत्ता त्यासाठी चालत नाही. परदेशी राहणारे मालक म्हणून एजंटचाच पत्ता देतात, आणि ज्याच्या चुकीबद्दल पत्र आले त्याच्याच टेबलावर ते पत्र पडून राहते. इथे ते कित्येक आठवडे पडून राहिले. शेवटी भाडेकरूंनीच मालकांचा ईमेल शोधून प्रत पाठवली. मालकांनी एजंटला फोन केला तर उत्तर आले, “काळजी करू नका, बघतो.” मग फोन उचलणे बंद झाले. जून २०२३ मध्ये एजन्सीची कंपनी दिवाळखोरीत गेली.

“पैसे आमच्याकडे आलेच नाहीत”

मालकाने लंडनमधल्या आतेभावाला फोन केला तेव्हा पहिले वाक्य हेच होते : “दादा, ते पैसे आम्ही डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. मग दंड आम्हाला कसा?” हा प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि त्यामागे अन्याय झाल्याची खरी भावना आहे. तिचे उत्तर नीट द्यायला हवे.

कायद्याचे उत्तर थोडक्यात असे. डिपॉझिटविषयीच्या कलमांत ‘मालक’ या शब्दात मालकाच्या वतीने टेनन्सीचे काम पाहणारी व्यक्तीही येते, असे कलम २१२ सांगते. एजंटने डिपॉझिट घेतले म्हणजे मालकाने घेतले. एजंटने नोंदवले नाही म्हणजे मालकाने नोंदवले नाही. हीच तरतूद उलट्या बाजूनेही वापरली गेली आहे : ड्रेकॉट विरुद्ध हॅनेल्स लेटिंग या २०१० च्या खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटले की भाडेकरू दंडासाठी एजंटवरही दावा लावू शकतो. म्हणजे कोणावर लावायचा हे भाडेकरूने ठरवायचे. एजन्सी बुडालेली असेल आणि मालकाच्या नावावर रेडिंगमध्ये फ्लॅट असेल तर कोणताही शहाणा सॉलिसिटर मालकालाच धरेल.

पण उत्तराचा याहून खोल भाग सवयीचा आहे. महाराष्ट्रात भाड्याने घर देताना डिपॉझिट मालकाच्या खात्यात जाते आणि तिथे ते त्याचेच होऊन जाते. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ घेऊन भाडे कमी करतात, त्या रकमेत कोणी गृहकर्जाचा हप्ता भागवतो, कोणी मुदत ठेव काढतो. परत देताना रंगकामाचे, साफसफाईचे कापून जे उरेल ते द्यायचे, आणि भाडेकरूही शेवटचे दोन महिने भाडे न भरता डिपॉझिट वळते करून घेतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे बंधनकारक आहे. डिपॉझिट मात्र कुठल्याही तिसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी ठेवावे लागत नाही. या वातावरणात वाढलेल्या माणसाला डिपॉझिट हा आपल्या दोघांतला, मालक-भाडेकरूतला, व्यवहार वाटतो. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून कायद्याने त्याला वेगळे स्थान दिले आहे : ती भाडेकरूची रक्कम आहे, मालकाला तिच्यावर फक्त सिद्ध करता येईल तेवढा दावा आहे, आणि वाद झाला तर पैसे धरून बसलेल्या माणसाने निकाल द्यायचा नाही. मला हा विचार योग्य वाटतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत घर सोडताना डिपॉझिटसाठी महिनोन्‌महिने फेऱ्या मारणाऱ्या विद्यार्थ्यांना अशी व्यवस्था मिळायला हवी, असेही वाटते.

आता दंड. कलम २१४ प्रमाणे न्यायालय डिपॉझिटच्या किमान एक पट आणि जास्तीत जास्त तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावते, शिवाय डिपॉझिट परत किंवा सुरक्षित करायला लावते. एक पटीच्या खाली जायची मुभा न्यायाधीशाला नाही. नंतर घाईने नोंदणी करूनही सुटका होत नाही. पूर्वी होत असे : २०१० च्या टिएन्सिया खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने सुनावणीच्या दिवसापर्यंत केलेली नोंदणी पुरेशी मानली होती. लोकलिझम ॲक्टने ही पळवाट ६ एप्रिल २०१२ पासून बंद केली आणि त्याच वेळी चौदा दिवसांची मुदत तीस दिवस केली.

या फ्लॅटवर दोन कायदाभंग होते, एक २०२१ चा आणि एक २०२२ चा. म्हणून दंड किमान ३,००० आणि कमाल ९,००० पाउंड. या दोहोंमध्ये नेमके कुठे, हे मालकाचा दोष किती यावर ठरते. ओकाडिगबो विरुद्ध चान या २०१४ च्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दोषाची मात्रा हाच कळीचा मुद्दा मानला आणि एजंटवर विसंबलेल्या, अनुभव नसलेल्या मालकांना लावलेला एक पट दंड कायम ठेवला. ‘एजंटने केले’ या बचावाची किंमत एवढीच. तो दंड कमी करतो, माफ करत नाही.

तडजोड

मालकांनी नेमलेल्या सॉलिसिटरचा पहिला सल्ला त्यांना कडू वाटला : आधी १,५०० पाउंड स्वतःच्या खिशातून भाडेकरूंना पूर्ण परत करा. एजन्सीकडून मिळतील तेव्हा मिळतील. कारण सरळ होते. मुदत उलटून गेल्यावर कलम २१ ची नवी नोटीस द्यायला दोनच वाटा राहत : डिपॉझिट परत देणे, किंवा दंडाचा दावा न्यायालयात वा तडजोडीने निकाली निघणे. पहिली वाट मालकांच्या हातात होती.

दिवाणखान्यातला गालिचा इस्त्रीने जळला होता. डिपॉझिट योजनेत असते तर घर सोडताना या नुकसानीचा वाद योजनेच्या मोफत लवादाकडे नेता आला असता. तिथे सुरुवातीची इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तूंची यादी) आणि फोटो दाखवून मालकाला आपली बाजू सिद्ध करावी लागते. योजनाच नाही म्हटल्यावर तो मार्ग बंद. काउंटी कोर्टात वेगळा दावा करता आला असता, पण भाडेकरूंच्या हातात नऊ हजारांपर्यंतचा दावा असताना गालिच्याचा विषय काढण्यात अर्थ नव्हता. तो सोडून दिला.

बोलणी दोन महिने चालली. डिपॉझिटचे १,५०० परत केल्यावर दंडापोटी ३,६०० आणि भाडेकरूंच्या वकिलाच्या खर्चापोटी ९०० पाउंड असे ठरले. एकूण ६,००० पाउंड, म्हणजे या फ्लॅटचे साडेचार महिन्यांहून जास्त भाडे. यांतले परत काय आले? इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून ग्राहकांचा पैसा सांभाळणाऱ्या प्रत्येक लेटिंग एजंटला ‘क्लायंट मनी प्रोटेक्शन’ योजनेचे सदस्यत्व सक्तीचे आहे. ही एजन्सी निदान तिथे सदस्य होती. त्या योजनेने डिपॉझिटचे १,५०० आणि एजन्सीकडे अडकलेले एका महिन्याचे भाडे भरून दिले. दंडाचे ३,६०० मात्र त्यात बसत नाहीत, कारण तो एजंटकडे ठेवलेला पैसा नव्हे. एजंटने करार मोडला म्हणून ते मागता येतात, पण दिवाळखोर कंपनीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहून. त्यांतला एकही पाउंड आला नाही.

मालकाला काय करता आले असते

फार काही नाही, आणि म्हणूनच वाईट वाटते. भाडेकरू राहायला आल्यावर तीस दिवसांच्या आत एजंटकडून योजनेचे प्रमाणपत्र आणि भाडेकरूंना दिलेल्या माहितीपत्राची सही-तारखेसह प्रत मागायची, मग त्यावरचा क्रमांक घेऊन योजनेकडेच खात्री करून घ्यायची. महिन्याच्या हिशेबातली ‘जमा’ ही ओळ पुरावा नाही. त्याहून चांगले म्हणजे रक्कम योजनेच्याच खात्यात ठेवण्याचा मार्ग निवडायचा आणि नोंदणी स्वतःच्या नावाने करायची. हे ऑनलाइन होते. मग एजन्सी बुडाली तरी डिपॉझिट बुडत नाही. एजंट नाखूश होईल. होऊ द्या.

करार करताना एजंटच्या चुकीने मालकाला भरावा लागलेला दंड एजंट भरून देईल असे कलम घालावे, हे खरे. पण त्या कलमाचे बळ एजन्सी जिवंत असेपर्यंतच असते. क्लायंट मनी प्रोटेक्शनचे प्रमाणपत्र आणि तक्रार निवारण योजनेचे सदस्यत्व एजंटने कार्यालयात आणि संकेतस्थळावर दाखवणे बंधनकारक आहे. ते सही करण्याआधी पाहावे, आणि दर वर्षी पुन्हा पाहावे. नोटिसांसाठी पत्ता एजंटचाच द्यायचा असेल तर आलेले प्रत्येक पत्र स्कॅन करून ठरावीक दिवसांत पाठवायचे, असे लेखी घ्यावे. तिथे एखादा विश्वासू नातेवाईक वा सॉलिसिटर असेल तर त्याचा पत्ता बरा.

एक बाब मराठी मालक आणि पालक दोघांच्याही कामाची. शिकायला गेलेल्या मुलाचे डिपॉझिट वडिलांनी पुण्याहून भरले असेल, तर ठरवून दिलेली माहिती मुलाबरोबर वडिलांनाही द्यावी लागते. भाडेकरूच्या वतीने पैसे भरणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेत संबंधित व्यक्ती असते. एजंट हे हमखास विसरतात.

हे सगळे इंग्लंडपुरते. स्कॉटलंडची नियमावली २०११ ची आणि वेगळी आहे. तिथे मुदत तीस कामाच्या दिवसांची आहे.

इंग्लंडमध्येही चित्र बदलते आहे. रेंटर्स राइट्स ॲक्टला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजसंमती मिळाली, आणि कलम २१ ची कारण न देता घर रिकामे करण्याची सोय संपण्याची तारीख १ मे २०२६ ठरली. घर विकायचे असेल तर ते कारण दाखवून चार महिन्यांची नोटीस द्यायची, आणि भाडेकरू येऊन एक वर्ष होईपर्यंत त्या कारणाने त्याला काढता येत नाही. टेनन्सी पहिल्या दिवसापासूनच महिन्या-महिन्याची, म्हणून मुदत संपून दुसरी टेनन्सी सुरू होण्याचा आणि दुसऱ्या दंडाचा प्रश्न नव्या भाडेकरूंच्या बाबतीत उरत नाही. डिपॉझिटची नोंद मात्र पूर्वीइतकीच निर्णायक आहे : समाजविघातक वर्तनासारखी मोजकी कारणे सोडली तर डिपॉझिट सुरक्षित नसताना न्यायालय ताबा देणार नाही.

या प्रकरणातल्या भाडेकरूंनी नवी नोटीस मिळाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये घर सोडले, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला फ्लॅट विकला गेला. विक्री होण्याआधी सॉलिसिटरने मालकांना आणखी एक गोष्ट तपासायला सांगितली : २०१९ ते २०२१ मध्ये राहिलेल्या पहिल्या भाडेकरूचे डिपॉझिट. भाडेकरू घर सोडून गेला, त्याला पैसे परत मिळाले, तरी दंडाचा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो, आणि घर विकल्याने जुनी जबाबदारी जात नाही. मालकांनी जुने ईमेल उपसले. सप्टेंबर २०१९ चे प्रमाणपत्र मिळाले, नोंदणी मुदतीत झाली होती. माहितीपत्राची सही असलेली प्रत ना ईमेलमध्ये मिळाली, ना बुडालेल्या एजन्सीचा कारभार गुंडाळणाऱ्या लिक्विडेटरकडे. ऑक्टोबर २०२५ पर्यंत तो दावा येऊ शकत होता. आला नाही.